बिनड्रायव्हरच्या गाडीतून आई एकटी जाऊन आली

कृष्णाकाठची | शनि, १७/०१/२०२६ - ०९:४२

आई सध्या आमच्याकडे आलीय, कॅलिफोर्नियात, माउंटन व्ह्यूला. वय ७३. सांगलीत विश्रामबागेत एकटी राहते आणि मजेत राहते. सकाळी गणपती, मग बँक, मग भाजी, दुपारी कुणाकडे तरी भिशी, आणि या सगळ्याला एक ठरलेले रिक्षावाले मामा. फोन केला की दहा मिनिटांत दारात.

इथे आली की पाचव्या दिवसापासून एकच पालुपद: "मला काय, शनिवारची वाट बघायची." आम्ही दोघं नोकरीला, तिला गाडी येत नाही, बसस्टॉप वीस मिनिटं चालत आणि गुडघे हे असे. मागच्या खेपेला सहा महिने राहायची मुभा असून अडीच महिन्यांत परत गेली. "तुमच्या गावात पायाला किंमत नाही गं," असं विमानतळावर म्हणाली होती.

या वेळी वेमो आहे, म्हणजे ॲपवरून बोलवायची बिनड्रायव्हरची टॅक्सी. पांढरी जॅग्वार, डोक्यावर पातेलं पालथं घातल्यासारखं काहीतरी गरगरत असतं, आत ड्रायव्हर नाही. गेल्या वर्षी मार्चपासून आमच्या भागात सुरू झाली. पहिल्यांदा मी सोबत बसले. स्टेअरिंग आपोआप वळायला लागलं तशी आईने माझा हात धरला तो वाचनालय येईपर्यंत सोडला नाही. समोरच्या पडद्यावर आजूबाजूच्या गाड्या, सायकली, माणसं आकृत्यांसारखी दिसतात. चार रस्त्यांच्या स्टॉपच्या पाटीपाशी गाडी चक्क थांबली. चारी बाजूंना चिटपाखरू नाही. आई म्हणाली, "कुणी नाही तर हा थांबलाय कशाला?" "हा" म्हणाली. गाडीला नाही, न बसलेल्या माणसाला.

तिच्या नावाने खातं काढून माझा जुना फोन तिला दिला. मंगळवारी ती एकटी सीनियर सेंटरला गेली. मी ऑफिसात मीटिंगमध्ये, आणि तिचा फोन. घाबरून उचलला, तर बाई निवांत. चौदा मिनिटं बोलत होती. मेथी कशी महाग, शेजारच्या चिनी आजींनी पर्सिमन कसे आणून दिले. मी विचारलं, भीती वाटतेय का? "भीती कसली? गाडीत बसून गप्प कसं बसायचं?"

मामांच्या रिक्षात बसली की तिचा पहिला प्रश्न असतो, "जेवलास का?" इथे विचारायला कुणी नाही म्हणून मला फोन.

आता ती आठवड्यातून तीनदा जाते. मला बरं वाटतंय आणि कुठेतरी विचित्रही वाटतंय. ही गाडी उद्या आपल्या रोजच्या जगण्यात, आपल्याकडेही येणार का? आली तर काय जाईल? इथे जाणकार बरेच आहेत, बोला.

टवाळखोर | शनि, १७/०१/२०२६ - १०:०५

पुण्यात आणा. लक्ष्मी रोडवर सोडा. चतुर्थीपर्यंत पहिला सिग्नल ओलांडला तर मी मिशी काढतो. (मिशी नाही. हलके घ्या.)

चौकात कुणी नाही म्हणून थांबलेली गाडी पुणेकराने पाहिली तर तो काच वाजवून विचारेल, "बंद पडली का?"

चाकणचा_मेकॅनिक | शनि, १७/०१/२०२६ - ११:३०

छान लिहिलंय. मी मेकॅनिक नाही, नावावर जाऊ नका. चाकण पट्ट्यात एडासवर काम करतो, म्हणजे गाडी स्वतः ब्रेक मारते, लेन धरून ठेवते ते सगळं. दोन गोष्टींची गल्लत होते ती आधी सोडवतो.

आपल्याकडे शोरूममध्ये जे 'सेल्फ ड्रायव्हिंग'च्या थाटात विकतात ते लेव्हल टू. हातपाय गाडीचे, डोळे आणि डोकं तुमचं. चूक झाली तर गुन्हा तुमच्यावर. कृष्णाकाठच्या आईंची गाडी लेव्हल फोर: ठरलेल्या हद्दीत, ठरलेल्या परिस्थितीत माणसाची गरजच नाही. या दोहोंत दोन पायऱ्यांचं नाही, दरीएवढं अंतर आहे. जी गाडी शंभरातल्या नव्याण्णव वेळा बरोबर चालते तिच्यावर नजर ठेवणं माणसाला जमत नाही, लक्ष उडतंच.

आता आपले रस्ते. यंत्राला डोळे देणं सोपं, ओळख देणं कठीण. यंत्राला रस्ता ओळखायला शिकवण्यासाठी जगभर वापरला जाणारा 'सिटीस्केप्स' नावाचा चित्रसंच आहे, पन्नास शहरांतला, बहुतेक जर्मन. त्यात रिक्षा हा प्रकारच नाही. म्हणून हैदराबादच्या ट्रिपल आयटीने इंटेलबरोबर २०१८च्या सुमारास आपल्या रस्त्यांचा संच केला: हैदराबाद-बंगळुरूकडची दहा हजार चित्रं, आणि त्यांत काय काय दिसतंय याच्या ३४ प्रकारच्या खुणा. त्यात रिक्षाला स्वतंत्र मान आहे, जनावरांना आहे, आणि कुठेच न बसणाऱ्या वाहनांसाठी एक 'बाकीचं' खातं आहे. शिवाय रस्त्याच्या कडेची कच्ची पट्टी वेगळी दाखवली आहे, कारण जर्मनीत ती रस्ता नसते आणि आपल्याकडे तीच दुसरी लेन असते.

एक प्रसंग सांगतो. ऊसतोडीचा हंगाम, रात्रीची वेळ, इस्लामपूरच्या अलीकडे टेस्टिंग. समोरून एकच दिवा येतोय. कॅमेरा म्हणतो मोटारसायकल. मी म्हणतो मोटारसायकल. शेजारी बसलेला आमचा ड्रायव्हर, वाळव्याचा, म्हणाला, "साहेब, डावीकडं घ्या, ट्रॅक्टर हाय." एका डोळ्याचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. मी विचारलं, कसं ओळखलंस? म्हणाला, "दिवा वरखाली हालत नाही, थरथरतोय." हे कुठल्या चित्रसंचात लिहायचं?

संशयात्मा | शनि, १७/०१/२०२६ - १२:१२

हा 'उद्या येणार' पंथ मी वीस वर्षं ऐकतोय. २००४ साली अमेरिकन संरक्षण खात्याच्या दार्पा या संशोधन संस्थेने मोहावेच्या वाळवंटात बिनड्रायव्हरच्या गाड्यांची शर्यत लावली. १४२ मैलांची. सगळ्यात पुढे गेलेली गाडी सव्वासात मैलांवर अडकली. मान्य, पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डच्या 'स्टॅनली'ने १३२ मैल सात तासांच्या आत पार केले. गूगलने २००९ मध्ये काम सुरू केलं, त्याचीच पुढे वेमो झाली. इलॉन मस्क २०१९ च्या एप्रिलमध्ये म्हणाले, पुढच्या वर्षी दहा लाख रोबोटॅक्सी रस्त्यावर. प्रत्यक्षात टेस्लाची सेवा ऑस्टिनमध्ये सुरू झाली २०२५ च्या जूनमध्ये, मोजक्या गाड्या, शेजारच्या सीटवर कंपनीचा माणूस बसवून.

आणि जनरल मोटर्सची बिनड्रायव्हर टॅक्सींची कंपनी क्रूझ, ती विसरलात? २ ऑक्टोबर २०२३, सॅन फ्रान्सिस्को. दुसऱ्या गाडीने उडवलेली बाई क्रूझच्या गाडीपुढे पडली. गाडी थांबली, आणि मग 'सुरक्षित बाजूला होण्यासाठी' पुन्हा चालू लागली. बाई खालीच होती. वीस फूट फरफटली. त्याच महिन्यात राज्याने परवाना स्थगित केला, पुढच्या वर्षअखेरीला जनरल मोटर्सने दुकानच बंद केलं. माणूस असता तर निदान किंकाळी ऐकू आली असती.

स्टेअरिंगवाला | शनि, १७/०१/२०२६ - २३:५०

भाडं टाकून आत्ता घरी आलो. मी इथे फार लिहीत नाही, वाचतो. १९ वर्षं टुरिस्ट गाडी चालवतोय, पुण्यातून. आता स्वतःची सीएनजी डिझायर आहे, अजून २२ हप्ते बाकी.

मेकॅनिक साहेब, तुमच्या वाळव्याच्या ड्रायव्हरला नमस्कार सांगा. थरथरतो ते बरोबर आहे.

ताई, तुमचं वाचून राग आला नाही हे आधी सांगतो. तुमच्या आईसाहेबांना तिथे कुणी ड्रायव्हर नव्हताच, तर कुणाचं पोट मारलं? पण इथे आमचा हिशोब वेगळा. आधी ॲपवाले आले, भाडं ठरवायचा हक्क गेला. गिऱ्हाईक कुठलं घ्यायचं तो गेला. उरलंय काय, तर स्टेअरिंग. गडकरी साहेब नागपुरात म्हणाले होते ना, मी असेपर्यंत या गाड्या भारतात येऊ देणार नाही, ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील म्हणून. आमच्या स्टँडवर तो व्हिडिओ आठवडाभर फिरत होता. पण मंत्री बदलतात.

आता खरी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी कोल्हापूर दर्शन करून एक कुटुंब परत आणत होतो. त्याआधीच्या रात्री शिर्डी झाली होती, मध्ये तीन तास झोप. खंबाटकीच्या अलीकडे पहाटेचे चार. माझे डोळे उघडे होते पण मी बघत नव्हतो. हे ज्याला झालंय त्यालाच कळेल. मागच्या सीटवरून आजी म्हणाल्या, "बाळा, चहा घेऊया का रे?" मी एकदम जागा झालो. समोर ट्रकचा मागचा फाळका, पन्नास फुटांवर. पुढे टपरीवर आजींनी चहा घेतलाच नाही. कपभर फक्त मला पाजला. त्यांना कळलं होतं.

मग सांगा, मी कुठल्या तोंडाने म्हणू की माणूसच बरा? यंत्राला झोप येत नाही. मला बिनड्रायव्हरची गाडी नको, पण न झोपणारा किन्नर (म्हणजे ड्रायव्हरचा मदतनीस, क्लीनर) मिळाला तर मी हप्त्यावर घेईन.

आणि एक. रात्री दोनला दवाखान्यात पेशंट सोडतो तेव्हा नुसतं सोडत नाही. स्ट्रेचर मीच शोधून आणतो, केसपेपरच्या रांगेत मी उभा राहतो, कारण नातेवाइकाला काही सुचत नसतं. त्याचं भाडं मीटरमध्ये येत नाही, म्हणून कुणी मोजत नाही.

सईची_आई | रवि, १८/०१/२०२६ - ०७:१५

स्टेअरिंगवाले दादा, प्रतिसाद दोनदा वाचला. लिहीत जा.

लाल_डबा | रवि, १८/०१/२०२६ - ०८:४०

दादांना +१. आता माझं नेहमीचं दळण.

कृष्णाकाठच्या ताईंच्या धाग्यातली मला खटकलेली गोष्ट गाडीत नाही, 'बसस्टॉप वीस मिनिटं' यात आहे. सत्तरीतल्या बाईला वाचनालयात जायला एकोणतीस कॅमेरे, पाच लायडार (लेझरने अंतर मोजणारे), सहा रडार लावलेली जॅग्वार लागते, कारण गावच मोटारीच्या मापाने शिवलंय. सांगलीत तेच काम तीन चाकं आणि एक मामा करतात. याला प्रगती म्हणायचं तर म्हणा.

पुण्यात अशा गाड्या आल्या तर रस्ता रुंद होणार नाही. उलट माणूस सोडून रिकामी गाडी पुढचं भाडं शोधत फिरेल. म्हणजे कोंडीत आता रिकाम्या गाड्याही. बिनड्रायव्हरचं हवंच असेल तर रुळांवर हवं. दिल्लीच्या मेट्रोची मॅजेंटा लाइन २०२० च्या डिसेंबरपासून तशी धावते, हजारो माणसं नेते, आणि त्यावर कुणी धागा काढत नाही.

चाकणचा_मेकॅनिक | रवि, १८/०१/२०२६ - १०:२०

लाल_डबा, मेट्रो मान्य. पण मेट्रोसमोर म्हैस येत नाही हो.

संशयात्मा, क्रूझचं बरोबर आहे. त्याआधीचं टेंपीचं उदाहरण माझ्या मते जास्त शिकवणारं आहे. मार्च २०१८, ॲरिझोना, उबरची चाचणीची गाडी. रात्री एक बाई हातात सायकल धरून रस्ता ओलांडत होती. गाडीला ती साडेपाच सेकंद आधी दिसली होती. साडेपाच सेकंद म्हणजे भरपूर. पण यंत्र ठरवत राहिलं: ही मोटार, नाही, ही 'इतर', नाही, ही सायकल. मत बदललं की आधीची नोंद पुसायची आणि ती कुठे चाललीय हे पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. झेब्रा क्रॉसिंग नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडेल ही शक्यताच आत धरलेली नव्हती, असं तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१९ मध्ये सांगितलं. ती शक्यता न धरता आपल्याकडे गाडी गॅरेजमधून बाहेर काढता येईल का?

पण दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी फितूर ठरेन. वेमोने सव्वापाच कोटींहून जास्त मैलांचा (नेमके ५ कोटी ६७ लाख) हिशोब गेल्या वर्षी मांडला. त्याच शहरांतल्या माणसांच्या तुलनेत पादचारी जखमी होण्याचे अपघात ९२ टक्क्यांनी कमी. अभ्यास कंपनीचाच आहे, हे लक्षात ठेवून वाचा. मृत्यूंबद्दल एवढ्या मैलांतून ठाम बोलता येत नाही. रँड या अमेरिकन संशोधन संस्थेने २०१६ मध्येच गणित मांडलं होतं की माणसाच्या तोडीचं आहे एवढं सिद्ध करायला साडेसत्तावीस कोटी मैल एकही मृत्यू न होता चालावं लागेल. तरीही जखमींचा आकडा उडवून लावण्यासारखा नाही.

आणि आपला आकडा: २०२२ साली भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली जवळपास ४५ टक्के दुचाकीवर, १९-२० टक्के पायी. म्हणजे बहुतेक मेलेले लोक गाडीत नव्हतेच. 'गाडीत बसणाऱ्याला मोबाइल बघता येईल' ही जाहिरात मला नको. बाहेरच्याला जी बघते ती गाडी हवी. ती पूर्ण बिनड्रायव्हरची नसली तरी चालेल, स्टेअरिंगवाले म्हणतात तसा किन्नर पुष्कळ झाला. ट्रक आणि बसमध्ये आधी.

पिंपळपान | रवि, १८/०१/२०२६ - ११:०२

मेकॅनिक, तुमच्या त्या किन्नराची कहाणी ऐका. माझ्या गाडीत आहे (कंपनी सांगत नाही, वाद नको). हायवेवर क्रूझ कंट्रोल लावलं, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवलं. त्या अंतरात ॲक्टिव्हा घुसली. गाडीने पुन्हा अंतर ठेवलं. त्यात टेम्पो घुसला. असं करत करत आम्ही वाकडला निघालेलो, मला वाटायला लागलं की मागे मागे जाऊन परत साताऱ्यात पोचणार. शेवटी बायको म्हणाली, "याला सभ्यपणा शिकवलाय, आता बंद कर."

टवाळखोर | रवि, १८/०१/२०२६ - ११:१०

=)) =)) "याला सभ्यपणा शिकवलाय" हे बोधवाक्य आरटीओच्या भिंतीवर लावा.

वकिलीणबाई | रवि, १८/०१/२०२६ - १३:३५

कायद्याचं थोडक्यात, कारण कुणीतरी विचारणारच.

आपला मोटार वाहन कायदा चालक गृहीत धरून लिहिलेला आहे. परवाना माणसाला, शिक्षा माणसाला. २०१९ च्या दुरुस्तीत २ब हे कलम आलं, त्यानुसार संशोधनासाठी काही वाहनांना केंद्र सरकार सूट देऊ शकतं. म्हणजे चाचणीची खिडकी किलकिली आहे, भाड्याने माणसं न्यायची नाही.

खरा प्रश्न अपघातानंतरचा. टेंपीच्या प्रकरणात कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. गाडीत 'लक्ष ठेवायला' बसवलेल्या बाईवर झाला, २०२३ मध्ये तिने गुन्हा कबूल केला, तीन वर्षं देखरेखीखालची शिक्षा. यंत्र चालवत होतं, कंपनीने बनवलं होतं, आणि कोर्टात उभी राहिली तासावर पगार घेणारी बाई. स्टेअरिंगवाले दादा, 'किन्नर' हप्त्यावर घेण्याआधी करारातला बारीक टाइप मला दाखवा. जर्मनीने २०२१ मध्ये आणि ब्रिटनने २०२४ मध्ये कायदा करून जबाबदारी कुणाची ते लिहून ठेवलं. आपल्याकडे तो मसुदा आधी यायला हवा, गाडी नंतर.

गमतीचा भाग: गेल्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियात सॅन ब्रुनोच्या पोलिसांनी बेकायदा यू-टर्न घेणारी वेमो अडवली. जवळ जाऊन बघतात तर आत कुणी नाही. पावती फाडायची कुणाच्या नावाने? सोडून दिली.

टवाळखोर | रवि, १८/०१/२०२६ - १३:४१

चिरीमिरी घेणाऱ्यांचे काय हाल होतील याचा कुणी विचार केलाय का? काच खाली होते, आत रिकामी सीट.

दृष्टिआड | रवि, १८/०१/२०२६ - १६:२०

मी अंध आहे, स्क्रीनरीडरवर हा धागा ऐकतोय. सगळे गाडी काय बघते यावर बोलताय म्हणून माझे दोन शब्द.

माझा मित्र सॅन फ्रान्सिस्कोत असतो, मार्गदर्शक कुत्रा घेऊन. टॅक्सीवाले कुत्रा बघून पुढे निघून जातात, ही तिथल्या अंधांची जुनी तक्रार आहे. बिनड्रायव्हरची गाडी कुत्र्याला नाही म्हणत नाही. तो सांगतो, ॲपवर बटण दाबलं की गाडी आवाज करते आणि त्या आवाजाच्या रोखाने तो दारापर्यंत जातो. कुणाला 'जरा बघता का हो' म्हणावं लागत नाही. हे सांगताना त्याचा आवाज कसा होता ते तुम्हाला लिहून कळणार नाही.

मी ठाण्यात राहतो. इथे रिक्षावाला हाक मारतो, "दादा, इकडे, दोन पावलं डावीकडे, खड्डा आहे." त्या खड्ड्याचं गाडी सांगेल का? मला दोन्ही हवेत. ज्या दिवशी कुणाच्या उपकाराची इच्छा नसेल त्या दिवशी ती गाडी, आणि इतर दिवशी तो रिक्षावाला. हे मागणं जास्त आहे का?

लाल_डबा | रवि, १८/०१/२०२६ - १६:५८

नाही. अजिबात जास्त नाही. माझ्या वरच्या प्रतिसादात ही बाजू धरली नव्हती.

संशयात्मा | रवि, १८/०१/२०२६ - १८:०३

दृष्टिआड यांचं वाचून थोडा गप्प झालोय. तरी एक टोचणी राहू दे. २० डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत मोठी वीज गेली. सिग्नल बंद. वेमोच्या गाड्या जागोजागी चौकात उभ्या राहिल्या, सेवा थांबवावी लागली. बंद सिग्नल कसा ओलांडायचा हे त्यांना शिकवलेलं आहे, पण खात्रीसाठी त्या दूर बसलेल्या माणसांना विचारतात, आणि सगळ्यांनी एकदम विचारलं. म्हणजे ड्रायव्हर गेलेला नाही. तो गाडीतून उठून कुठल्याशा खोलीत जाऊन बसलाय, आणि एकटा कित्येक गाड्यांना उत्तरं देतोय. आपल्याकडे पहिल्या पावसाला वीज जाते.

स्टेअरिंगवाला | रवि, १८/०१/२०२६ - २२:३०

त्या खोलीतल्या नोकरीला काय शिक्षण लागतं? मस्करी नाही करत. मुलगा बारावीला आहे.

चाकणचा_मेकॅनिक | रवि, १८/०१/२०२६ - २२:५२

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. चित्रांवर खुणा करण्याची कामं आपल्याकडेही होतात, पण पगार फार नाही आणि तेही काम यंत्राकडे सरकतंय, म्हणून तिकडे ढकलणार नाही. डिप्लोमा मेकॅट्रॉनिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स बघा. आणि तुम्ही स्वतः: टेस्ट ड्रायव्हर लागतात आम्हाला. रात्रीचा दिवा ओळखणारे विशेष करून.

कृष्णाकाठची | सोम, १९/०१/२०२६ - ०८:२५

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी आईला पूर्ण धागा वाचून दाखवला. (ती नजर लावून ऐकते, मध्ये बोलू देत नाही.)

खंबाटकीच्या आजींचा चहा ऐकून म्हणाली, "मग? आम्ही नुसत्या बडबडतो असं वाटतं तुम्हाला." तिचे वडील म्हणे रात्रीच्या एसटीत मुद्दाम पुढच्या सीटवर बसायचे आणि ड्रायव्हरला पीकपाणी विचारत राहायचे. 'चालकाशी बोलू नये' ही पाटी डोक्यावरच असायची. कंडक्टरने एकदा हटकलं तेव्हा म्हणाले होते, "पाटी दिवसाची आहे." मला चाळीस वर्षांत हे माहीत नव्हतं. तिचं "जेवलास का" मला उगाच आपुलकीचं वाटायचं. दुपारचा रिक्षावाला उपाशी असेल तर त्याचा तोल जातो, म्हणून विचारायचं, असं म्हणाली.

मग मी विचारलं, इथल्या गाडीला जागं ठेवावं लागत नाही, हे बरं की वाईट? तिने नीट उत्तर दिलं नाही. "मंगळवारचं भजन चुकत नाही ना आता, झालं तर." आणि थोड्या वेळाने, "मामाला फोन लावून दे, तिकडे सकाळ झाली असेल."

लावून दिला. मामांना तिने बिनड्रायव्हरच्या गाडीचं काहीच सांगितलं नाही. संक्रांतीचे तिळगूळ पोचले का एवढंच विचारत होती. का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणाली, "त्याला कशाला उगाच."

सईची_आई | सोम, १९/०१/२०२६ - ०९:१०

थोडं अवांतर, पण उपयोगाचं विचारते. माझे बाबा मे महिन्यात सनीवेलला भावाकडे जातायत, ७८ वय. ते एकटे जाऊ शकतील का? काय काय शिकवून ठेवावं?

कृष्णाकाठची | सोम, १९/०१/२०२६ - ०९:४४

नक्की जाऊ शकतील. तिथलाच फोन नंबर आणि त्यांच्याच नावाचं खातं करा. आधी दोन-तीनदा कुणीतरी सोबत बसा. छतावर त्यांच्या नावाची आद्याक्षरं दिसतात, ती बघून आपली गाडी ओळखायची. पट्टा लावायचा, 'सुरू' दाबल्याशिवाय निघत नाही. मदतीचं बटण पडद्यावरच आहे, माणूस बोलतो, इंग्रजीत. नियमाने जिथे थांबता येतं तिथेच थांबते, त्यामुळे चार पावलं चालायची तयारी ठेवा. फोनची बॅटरी भरलेली.

आणि मुख्य म्हणजे उतरल्यावर दार लावायला शिकवा. उघडं राहिलं तर गाडी जागची हलत नाही, मागे रांग लागते. आईने दोनदा तसंच ठेवलं. मी ओरडले तर माझ्यावरच उलटली: "साठ वर्षं रिक्षातून उतरतेय. रिक्षाला कधी दार होतं का?"